घोगरेपणाच्या आकड्याचं कूळ

आवाज बसला म्हणून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाला हल्ली दुर्बिणीच्या तपासणीनंतर पुष्कळदा वाचातज्ज्ञाकडे पाठवतात. तिथे शांत खोलीत मायक्रोफोनसमोर बसवून ‘आ’ लांबवायला सांगतात, काही वाक्यं वाचून घेतात आणि मग संगणकातून एक कागद निघतो. त्यावर आवाजाची पट्टी हर्ट्‌झमध्ये, जोर डेसिबलमध्ये, पुढे दोन-चार टक्केवाऱ्या आणि कुठेतरी ‘सीपीपी’ अशी तीन अक्षरं असतात. पूर्ण नाव सेप्स्ट्रल पीक प्रॉमिनन्स. आकडा मोठा असेल तर आवाज स्वच्छ, लहान असेल तर घोगरा किंवा हवा सुटणारा. अमेरिकेतल्या वाचा-भाषा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेच्या गटाने २०१८ साली आवाजमापनाची शिफारसपत्रं छापली, तेव्हा आवाजातल्या एकूण बिघाडाचं माप म्हणून याच आकड्याला पुढे केलं.

गंमत अशी, की हा आकडा मुळात शाळामास्तरांच्या घशासाठी जन्मला नाही. सोव्हिएत रशिया जमिनीखाली चोरून अणुस्फोट करतोय का, हे ओळखण्याच्या खटपटीतून तो निघाला. हे एकदा कळल्यावर मला त्या कागदाकडे दुसऱ्या नजरेने बघताच येत नाही.

आवाज तपासण्याच्या इतिहासातले नेहमीचे टप्पे ओळीत उरकतो. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायनगुरूने दंतवैद्याचा आरसा घशात धरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेल प्रयोगशाळेत ध्वनीचं चित्र काढणारं यंत्र, स्पेक्ट्रोग्राफ, तयार झालं आणि युद्ध संपल्यावर त्याची माहिती खुली झाली. १९८१ साली जपानच्या मिनोरू हिरानोंच्या पुस्तकामुळे कानाने ऐकून गुण देण्याची पद्धत जगभर गेली: एकूण बिघाड, खरखर, हवा सुटणं, क्षीणपणा, ताण, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. ही पद्धत आजही वापरात आहे आणि माझ्या मते अजून बरीच वर्षं राहील, कारण तिला वीज लागत नाही.

आता मूळ गोष्ट.

१९ सप्टेंबर १९५७ रोजी अमेरिकेने नेवाडात ‘रेनिअर’ नावाचा स्फोट केला. पूर्णपणे जमिनीच्या पोटात कोंडलेला हा पहिला अणुस्फोट. हवेत ढग नाही, राख नाही, फक्त हादरा. लगेच प्रश्न उभा राहिला: उद्या चाचणीबंदीचा करार झाला आणि कुणी असाच स्फोट करून ‘आमच्याकडे भूकंप झाला’ म्हणून हात झटकले, तर? १९५८ च्या उन्हाळ्यात जिनिव्हात दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ याच प्रश्नावर बसले. पुढे अमेरिकेने ‘व्हेला युनिफॉर्म’ हा संशोधनाचा कार्यक्रम काढला आणि जगभर एकसारखी भूकंपमापक यंत्रं बसवली. त्या जाळ्यातलं एक केंद्र पुण्यात होतं. भूकंपशास्त्राच्या जुन्या तक्त्यांत ‘पीओओ’ या खुणेने ते सापडतं. १९६५ मध्ये ब्रिटिशांच्या साहाय्याने कर्नाटकातल्या गौरीबिदनूरला भूकंपमापकांची जी रांग उभी राहिली, तिचा कारभार मुंबईच्या तुर्भ्यातून, अणुऊर्जा खात्याकडून चाले. हवामान खात्याकडे न जाता हे काम अणुऊर्जेकडे का, याचं उत्तर वरच्या प्रश्नात आहे.

भूकंप की स्फोट हे सांगायला खोली उपयोगी पडते. हादरा बसला की एक लाट थेट निघून दूरच्या केंद्रावर पोचते. दुसरी आधी वर जाते, पृष्ठभागाला आतून आपटून परतते आणि पहिलीच्या मागोमाग येते. दोघींमधला वेळ जितका जास्त, तितकी हादऱ्याची जागा खोल. बॉम्ब पुरायला माणूस फार तर काही किलोमीटर खणेल. तीस किलोमीटर खोलवर काही हललं असेल तर ते निसर्गाचंच काम. अडचण येते ती उथळ भूकंपांची. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप असाच उथळ होता. नुसत्या खोलीवरून अशा हादऱ्याचा निवाडा होत नाही.

तर दुसरी लाट म्हणजे पहिलीचा पडसाद. पण भूकंपाचा आलेख इतका गचपणाचा असतो, की पडसाद नक्की कुठे सुरू झाला हे डोळ्याला दिसत नाही. १९५९ च्या अखेरीस बेल प्रयोगशाळेतल्या ब्रूस बोगर्टला भूकंपलहरींच्या स्पेक्ट्रोग्रामवर समान अंतराचे पट्टे दिसले. ध्वनीत त्याचाच पडसाद मिसळला की काही वारंवारता बळावतात आणि काही मारल्या जातात, आणि हे आलटूनपालटून ठरावीक अंतराने होतं. पट्ट्यांमधलं अंतर मोजलं की पडसादाचा उशीर कळतो.

इथे मला थांबायलाच हवं, कारण माझ्या मते या कुळकथेची खरी गाठ इथे आहे आणि बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात. हा बोगर्ट भूकंपवाला नव्हता. १९५० साली पीटरसनबरोबर त्याने आतल्या कानातल्या शंखाकृती नळीचं गणित मांडणारा निबंध लिहिला होता. म्हणजे माणूस कानाचा. आणि ज्या स्पेक्ट्रोग्रामवर त्याला पट्टे दिसले, ते तंत्र माणसाचं बोलणं डोळ्यांना दिसावं म्हणून त्याच्याच संस्थेत बनलेलं. १९४७ मध्ये त्यावर निघालेल्या पुस्तकाचं नावच ‘दृश्य वाणी’ या अर्थाचं होतं. भूकंपवाले आलेखाची नागमोडी रेघ बघत बसले असताना, पट्टे बघण्याची सवय असलेला माणूस तिथे आला. स्पेक्ट्रोग्रामवर माणसाचा स्वर कसा दिसतो? समान अंतराच्या पट्ट्यांसारखा. बोगर्टच्या डोळ्यांना तसे पट्टे ओळखीचे होते म्हणूनच भूकंपात ते त्याच्या नजरेत भरले, असा माझा तर्क आहे. पुढे भूकंपाकडून आवाजाकडे जे आलं, ते आधी आवाजाकडून भूकंपाकडे गेलेलं होतं.

बोगर्टने आपलं निरीक्षण जॉन टुकीला सांगितलं. हा प्रिन्स्टनचा आणि बेलचा संख्याशास्त्रज्ञ. संगणकातल्या ‘बिट’ या शब्दाचं श्रेय क्लॉड शॅननने १९४८ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात त्यालाच दिलं आहे, आणि ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द आजच्या अर्थाने छापण्यातही त्याचा १९५८ चा लेख अगदी सुरुवातीचा. १९५९ मध्ये चाचणीबंदीच्या वाटाघाटींतल्या तांत्रिक गटात तो अमेरिकेच्या बाजूने होता. टुकीने सुचवलं की वर्णपटाचा, म्हणजे स्पेक्ट्रमचा, आधी लॉगॅरिदम घ्या. मूळ वर्णपट आणि पडसादाचे चढउतार यांचा गुणाकार झालेला असतो. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, हे शाळेत लॉगची कोष्टकं वापरलेल्या पिढीला सांगायला नको. मग ते चढउतार हीच एक लहर आहे असं समजून तिचा पुन्हा वर्णपट काढा. पडसाद असेल तर त्याच्या उशिराच्या जागी एक सुळका उभा राहील.

वर्णपटाचा वर्णपट, तोही लॉग घेतलेल्याचा. याला म्हणायचं काय? बोगर्ट, टुकी आणि ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ मायकेल हीली यांनी नेहमीचे शब्द उलटेपालटे केले. स्पेक्ट्रमच्या रोमन लिपीतल्या पहिल्या चार अक्षरांना उलटं फिरवलं आणि सेप्स्ट्रम झालं. फ्रीक्वेन्सीची क्वेफ्रेन्सी झाली, हार्मोनिकचा ऱ्हामोनिक, फिल्टरचा लिफ्टर, फेजचा सेफ. १९६२ मध्ये ब्राउन विद्यापीठात झालेल्या परिषदेत वाचलेला आणि १९६३ मध्ये छापून आलेला त्यांचा निबंध पाहिला तर शीर्षकातला ॲनालिसिसही ‘ॲलानिसिस’ करून टाकलेला आहे. आपल्याकडे पोरं मोठ्यांपासून लपवायला ‘च’ची भाषा बोलतात, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की इथे बोलणारे चाळिशीच्या आसपासचे गणिती होते आणि विषय अणुयुद्धाचा.

हा खेळ नुसता चावटपणा होता का? मला नाही वाटत. वारंवारतेच्या अक्षावर पुन्हा वारंवारता शोधायची म्हटलं, की उत्तर येतं वेळेत, सेकंदांत. पण ती घड्याळातली वेळ नव्हे. नेहमीचा शब्द वापरला असता तर प्रत्येक वाक्यात ‘इथली वारंवारता म्हणजे ती नव्हे’ असं लिहावं लागलं असतं. उलटी अक्षरं हीच खूण: तुम्ही आता आरशाच्या पलीकडे आहात. त्या निबंधातले बरेच शब्द मेले. सेप्स्ट्रम, क्वेफ्रेन्सी आणि लिफ्टर जगले, ते त्यांच्याविना काम अडतं म्हणून.

आता उच्चाराचा वाद, जो इंग्रजीवाल्यांपेक्षा देवनागरीवाल्यांना जास्त चावतो. स्पेक्ट्रममधलं ते अक्षर ‘क’ असं उच्चारतात. तेव्हा शब्द उलटला की ‘केप्स्ट्रम’ व्हायला हवं, असं काही अभियंते म्हणतात आणि तसंच बोलतात. इंग्रजी वाचनाच्या रीतीने पाहिलं तर ‘सेप्स्ट्रम’. रोमन लिपीत दोघांची सोय एकाच स्पेलिंगने होते. देवनागरीत लिहिणाऱ्याला बाजू घ्यावी लागते. मी ‘सेप्स्ट्रम’च्या बाजूचा आहे आणि त्याला ध्वनीखेरीज एक कारण आहे. ‘केप्स्ट्रम’ हा ‘क’ने लिहिला जाणारा वेगळा शब्द नंतर खरोखरच निघाला. १९७८ च्या सुमारास एंडर्स रॉबिन्सन आणि त्याचा सहकारी सिल्व्हिया यांनी तो पुढे आणला, आणि त्यातला ‘के’ रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह याच्या नावाचा असल्याचं सांगितलं. प्रत्येक अक्षर कुठल्या शब्दाचं हेही त्यांनी जुळवून दिलं. अशा जुळवलेल्या व्युत्पत्तींवर माझा विश्वास नाही. शब्द आधीच कानावर होता, त्याला मागाहून आजोबा मिळवून दिले. पण यात एक खरा दावा दडलेला आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही.

दावा असा, की हे गणित टुकीचं नाहीच. लॉग घेऊन वर्णपटाचे घटक सुटे करण्याची युक्ती कोल्मोगोरोव्हने कालश्रेणींसाठी आधीच वापरली होती, आणि तिची मुळं एकोणिसाव्या शतकात प्वासाँपर्यंत मागे नेता येतात. त्यातून रॉबिन्सन हा साधा साक्षीदार नव्हे. १९५४ मध्ये एमआयटीत त्याने जो प्रबंध लिहिला, त्यातून तेलसाठे शोधणाऱ्यांच्या भूकंपलहरींमधले पडसाद पुसण्याचं शास्त्र उभं राहिलं. म्हणजे प्रतिस्पर्धी वंशावळ तयार होते: बॉम्बऐवजी तेल.

गणित म्हणून हे मान्य. कुळकथा म्हणून अमान्य. कोल्मोगोरोव्ह त्या लॉगचा उपयोग पुढचं भाकीत करायला करतो. त्याला पडसादाच्या सुळक्याशी कर्तव्य नाही. आणि दवाखान्यातला आकडा म्हणजे तो सुळकाच. रॉबिन्सनच्या विचाराशी जवळचं नातं सांगणारी दुसरी एक रीत आवाजात आली, ती म्हणजे रेषीय भाकीत. कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल यांनी हानाउअरबरोबर १९७१ मध्ये बेलमधूनच ती बोलण्याच्या विश्लेषणासाठी मांडली. जपानमध्ये इटाकुरा आणि साइतो त्याच्या थोडं आधीपासून समांतर वाटेने चालले होते. कागदावर स्वरांच्या जागा दाखवणारे फॉर्मंटचे आकडे बहुधा या रीतीने काढलेले असतात. तेव्हा तेलवाल्यांना कागदावर जागा हवी असेल तर त्या ओळीत मिळेल. सीपीपीच्या ओळीत नाही.

दुसरा प्रतिस्पर्धी जास्त तगडा आहे. ॲलन ओपनहाइमने एमआयटीत १९६४-६५ च्या सुमारास, बेलच्या मंडळींपासून स्वतंत्रपणे, गुणाकाराने किंवा त्याहून गुंतागुंतीने मिसळलेले संकेत लॉगच्या मार्गाने वेगळे करण्याचं व्यापक शास्त्र उभं केलं. त्यात नुसती लहरींची ताकद नाही, त्यांची कला, म्हणजे फेजही, जपली जाते, त्यामुळे संकेत सुटा करून पुन्हा जोडता येतो. टॉमस स्टॉकहॅमने त्याच घराण्याच्या विचाराने एन्रिको कारुसोच्या जुन्या तबकड्यांतून भोंग्याचा आवाज वजा केला होता, आणि हाच स्टॉकहॅम वॉटरगेट प्रकरणातल्या साडेअठरा मिनिटांच्या कोऱ्या फितीची तपासणी करणाऱ्या मंडळात होता. आकर्षक घराणं आहे, शंका नाही. संकेतशास्त्राची पाठ्यपुस्तकं सेप्स्ट्रम सांगताना बहुतेक ओपनहाइमच्या बाजूने सांगतात.

पण रक्ताची तपासणी करा. सीपीपी काढताना कला फेकून दिली जाते. पुन्हा जोडणं नाही, पुसणं नाही. फक्त लॉग घेतलेल्या ताकदीचा वर्णपट आणि त्यातला सुळका किती उंच, एवढंच. ही सही टुकी-बोगर्ट शाखेची आहे. ओपनहाइमचा सेप्स्ट्रम हा भाऊबंद. सीपीपीचा बाप नव्हे.

आवाजाकडे हे प्रकरण वळवलं मान्फ्रेड श्रोडर आणि मायकेल नॉल यांनी, बेल प्रयोगशाळेतच. त्यांची अडचण जुनी होती. बोलणं आक्रसून कमी तारांतून पाठवणारा व्होकोडर १९३० च्या दशकापासून होता, युद्धात गुप्त संभाषणासाठी त्याचा उपयोगही झाला. पण बोलणाऱ्याची पट्टी अचूक पकडण्यात तो नेहमी मार खाई. टेलिफोन साधारण ३०० हर्ट्‌झच्या खालचं कापून टाकतो. पुरुषाची पट्टी १२५ हर्ट्‌झ असेल तर मूळ सूर तारेतून जातच नाही. तरी ऐकणाऱ्याला पट्टी बरोबर कळते, कारण ३७५, ५००, ६२५ अशी वरची शिखरं समान अंतरावर असतात आणि कान ते अंतर पकडतो. सेप्स्ट्रमही नेमकं अंतरच मोजतो. १२५ हर्ट्‌झच्या आवाजाचा सुळका ८ मिलिसेकंदांवर, २०० हर्ट्‌झच्या आवाजाचा ५ वर. मूळ सूर हजर असो वा नसो. नॉलने १९६४ आणि १९६७ मध्ये हे छापलं. (याच नॉलने १९६० च्या दशकात संगणकाकडून चित्रं काढून घेतली आणि १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कलादालनात ती टांगली. ज्यांना फावल्या वेळात असं सुचतं, त्यांच्याकडूनच भूकंपाचं अवजार घशात घालण्याची अपेक्षा करावी.)

यावर कुणी म्हणेल, मग नॉलपासूनच सुरुवात करा, बॉम्ब कशाला? कारण पट्टी शोधणारे लोक कित्येक दशकं मूळ सूर गाळून घेण्यात गुंतले होते. स्वरतंतूंची प्रत्येक उघडझाप हा आधीच्या उघडझापेचा पडसाद आहे, असं बघायला पडसाद हाच ज्यांचा धंदा होता असे लोक शेजारच्या खोलीत असावे लागले. बेलमध्ये ते होते.

आणि भूकंपाचं काय झालं? त्या बाजूला सेप्स्ट्रमने फार दिवे लावले नाहीत. स्फोट ओळखायला पुढे मुख्य आधार मिळाला तो वेगळाच: खोलातून येणाऱ्या लाटांची ताकद आणि पृष्ठभागावरून सरपटणाऱ्या लाटांची ताकद यांचं गुणोत्तर. ५ ऑगस्ट १९६३ च्या चाचणीबंदी करारात भूमिगत स्फोट वगळले गेले, कारण तपासणीवर एकमत झालं नाही. ज्या कामासाठी अवजार घडवलं ते त्याने धड केलं नाही आणि दुसऱ्याच कामात नाव काढलं.

पण दवाखान्यात ते लगेच शिरलं नाही. नॉलपासून घोगऱ्या आवाजापर्यंत दोनेक दशकं गेली. यासुओ कोइके यांचा बिघडलेल्या आवाजांच्या सेप्स्ट्रमवरचा लेख १९८६ चा, हॉलंडच्या द क्रोमचा सेप्स्ट्रमवरून गोंगाट मोजण्याचा लेख १९९३ चा. मधली पोकळी मी अशी भरतो: दवाखान्यांकडे तोवर दुसरं लाडकं माप होतं आणि ते कळायला सोपं होतं.

ते माप जिटर. फिलिप लीबरमनने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की स्वरतंतूंच्या एकामागून एक येणाऱ्या आवर्तनांची लांबी थोडी हलत असते आणि रोगट स्वरयंत्रात ती जास्त हलते. आवर्तनांच्या लांबीतला हा थरथराट म्हणजे जिटर, उंचीतला म्हणजे शिमर. टक्क्यांत आकडा, कमी चांगला, जास्त वाईट. कुणालाही पटेल. पण प्रत्येक आवर्तन कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे यंत्राला सापडलं तरच हे मोजता येतं, आणि आवाज फारच फाटला की तेच सापडत नाही. यंत्र तरी आकडा देतंच. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त बिघाड, त्याचाच आकडा सर्वांत बिनभरवशाचा. इंगो टिट्झे यांनी १९९५ मध्ये आवाजांचे तीन प्रकार पाडून बजावलं की जिटर-शिमर फक्त पहिल्या, जवळजवळ नियमित आवाजांनाच लावावं. एवढं होऊनही कित्येक कागदांवर जिटर पहिल्या ओळीत असतो. छापणाऱ्या यंत्राची सवय माणसापेक्षा उशिरा सुटते.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स हिलेनब्रँड यांनी सहकाऱ्यांबरोबर निरोगी माणसांना मुद्दाम हवा सोडत स्वर काढायला लावले, ऐकणाऱ्यांकडून गुण घेतले आणि कुठलं माप कानाशी जुळतं ते तपासलं. सेप्स्ट्रमचा सुळका आजूबाजूच्या पातळीच्या किती वर येतो, हे माप चांगलंच जुळलं. हीच ती सीपीपी. पातळी कशी धरायची? सेप्स्ट्रममधून एक सरळ रेघ काढायची आणि सुळक्याची उंची त्या रेघेपासून मोजायची. म्हणजे मायक्रोफोन जवळ-दूर झाला तरी आकडा फार हलत नाही. दोन वर्षांनी हिलेनब्रँड आणि हाउड यांनी तेच खऱ्या रुग्णांवर आणि सलग बोलण्यावरही करून दाखवलं. एकेक आवर्तन पकडण्याची कटकट नाही. सुळका नुसता बुटका होत जातो. पुढे मारिन आणि सहकाऱ्यांच्या संयुक्त निर्देशांकात तो मुख्य घटक झाला आणि ॲम्स्टरडॅमच्या ‘प्रात’ या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत आल्यावर कुठल्याही लॅपटॉपवर मोजता येऊ लागला.

यातली ‘हवा सोडत’ ही गोष्ट मराठी माणसाने जरा कान देऊन ऐकावी. इंग्रजी बोलणाऱ्याच्या स्वरात हवा सुटली तर ऐकणाऱ्याला बहुधा वाटतं, की एक तर तो कुजबुजतोय, नाही तर त्याच्या स्वरतंतूंत काहीतरी बिघडलंय. आपण मात्र दार आणि धार, बार आणि भार असा फरक दिवसभर त्या हवेवरच करतो. याहून दुर्मीळ गोष्ट म्हणजे नाणी आणि न्हाणी. अनुनासिक, ‘ल’, ‘व’, ‘र’ यांना असा हवेचा जोड देणाऱ्या भाषा जगात थोड्या आहेत, आणि मराठीत म्हैस, कोल्हा, तऱ्हा, उन्हाळा सगळीकडे तो आहे. केली बर्कसन यांनी २०१३ मध्ये कॅन्सस विद्यापीठात मराठीतल्या याच ध्वनींवर प्रबंध लिहिला. पाच पुरुष, पाच स्त्रिया, सगळे मराठी बोलणारे, आणि मापांपैकी एक सीपीपी. अपेक्षेप्रमाणे हवेच्या व्यंजनांजवळ सीपीपी उतरते. पण ती स्त्रियांच्या बोलण्यात जास्त भरवशाची खूण ठरली. पुरुषांच्या बोलण्यात वर्णपटातल्या पहिल्या दोन शिखरांच्या उंचीतला फरक जास्त उपयोगी पडला. आणि ‘न्ह’, ‘म्ह’ मधला फरक ‘ध’, ‘भ’ मधल्याइतका ठसठशीत निघाला नाही.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, की हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. ठाऊक होतं, हे खरंच. ऋक्प्रातिशाख्य हा ऋग्वेदाच्या उच्चारांचा प्राचीन ग्रंथ अघोष वर्णांना श्वास, घोषांना नाद आणि घोष महाप्राणांना दोन्ही एकदम, असा हिशेब मांडतं. नाद चालू असताना हवाही सुटते, हे तिथे नेमकेपणाने सांगितलेलं आहे. पण म्हणून प्रातिशाख्याला सीपीपीच्या वंशावळीत घुसवता येणार नाही. एकाने गोष्ट आधी पाहिली म्हणून दुसऱ्याचा पूर्वज होत नाही. तसं म्हणणारे ‘केप्स्ट्रम’च्या व्युत्पत्तीवाल्यांच्याच पंगतीत बसतात. प्रातिशाख्याचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो आजचा आहे.

आवाजतपासणीच्या अमेरिकी पद्धतीत रुग्णाकडून सहा वाक्यं वाचून घेतात, प्रत्येकाचं काम ठरलेलं. एकात ‘ह’ची रेलचेल, म्हणजे हवा सोडत सुरुवात होते. एकात सगळे घोष ध्वनी, म्हणजे स्वरतंतू वाक्यभर थांबत नाहीत. एकात अनुनासिकं. इंग्रजीत ही खाती वेगळी राहतात. मराठीत ‘सगळे घोष’ एवढंच सांगितलं तर घ, ध, भ, न्ह सगळे आत येतात आणि घोषाच्या वाक्यात हवेचं वाक्य मिसळतं. ‘बाई लोणी देऊन गेली’ आणि ‘भाऊ धान घेऊन न्हाव्याघरी गेला’ ही दोन्ही वाक्यं पूर्ण घोष आहेत. एकाच ठणठणीत माणसाने ती वाचली तरी दुसऱ्याची सीपीपी कमी येण्याचा संभव आहे, आणि बर्कसन यांच्या आकड्यांवरून बघता बाईच्या तोंडून वाचलं तर जास्तच. तेव्हा मराठी वाक्यं निवडणाऱ्याने घोषाच्या खान्यात अल्पप्राण तेवढेच घ्यावेत, महाप्राणांचं वाक्य वेगळं ठेवावं, निरोगी मराठी बायका आणि पुरुष यांचे आकडे दोन्ही वाक्यांवर आधी निरनिराळे घ्यावेत, आणि इंग्रजी वाक्यांवर ठरलेली निरोगीपणाची रेघ आपल्या कागदावर तशीच छापू नये.